मागच्या बाजूचा राजा

मुकुंदा,

तुझ्या प्रार्थनासभेत सगळे छान बोलले. मेडनहेडच्या त्या हॉलमध्ये तुझ्या ऑफिसातले गोरे लोक बोलले, मराठी मंडळाचे अध्यक्ष बोलले, तुझी मुलगी तर असं बोलली की शेजारचा अनोळखी माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मला दोनदा खूण झाली, दत्ताभाऊ, तुम्ही बोला. मी उठलो नाही. मला तुझ्याबद्दल चार चांगले शब्द सांगायचे नव्हते, तुझ्याशी भांडायचं होतं, आणि भरल्या सभेत गेलेल्या माणसाशी भांडणं बरं दिसत नाही. आता मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून मागितलंय. लिहितो. पण भांडण बाजूला ठेवून लिहायला मला जमणार नाही.

तुझं ते नाणं आज माझ्या तिजोरीत आहे. इराणच्या जुन्या अर्दशीर राजाचं. एडिनबराच्या लिलावात तू माझ्या तोंडचा घास काढून घेतलास, तेच. तेव्हा तू म्हणाला होतास की हे माझ्याकडे आलं तर महिनाभरसुद्धा टिकणार नाही. परवा त्याला गिऱ्हाईक आलं होतं. चांगलं, श्रीमंत, खरोखरचं गिऱ्हाईक. पुढे काय झालं ते तुला कळायला हवं, आणि दुसऱ्या कोणाला सांगून त्यातलं काही समजणार नाही, म्हणून हा खटाटोप.

पहिल्यांदा तू लंडनच्या ईलिंग रोडवरच्या माझ्या चांदीच्या दुकानात आलास तो वहिनींसाठी चांदीचं ताम्हण घ्यायला. ताम्हण राहिलं बाजूला, लक्ष्मीपूजनासाठी लोक व्हिक्टोरिया राणीचे रुपये नेतात, त्या ट्रेमध्ये बोटं घालून बसलास. एक रुपया उचललास आणि म्हणालास, "हा बाकीच्यांच्या भावात विकून राहिले तुम्ही? हा जास्त किमतीचा आहे."

उभ्या जन्मात गिऱ्हाइकाच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं. मला वाटलं, व्हॅटवाला आलाय. म्हणालो, "गिऱ्हाईक आहात की चौकशीला आलात?"

"नागपूरचा आहे," तू म्हणालास, जणू त्यात सगळा खुलासा आला.

मग तुझी नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात, किराणा असो, साड्या असोत, मिठाई असो, गल्ल्याच्या वर एक फोटो असतो. दुकान काढणाऱ्या वडलांचा, चंदनाचा हार घातलेला. माझ्या भिंतीवर लक्ष्मी होती, गणपती होता आणि मध्ये मोकळी जागा होती.

"वडलांचा फोटो नाही लावला?"

"हे दुकान बापानं काढलेलं नाही. मी काढलंय."

"ते ठीक आहे. फोटो?"

"नाहीच. त्यांनी आयुष्यात कधी काढला नाही."

तू मान हलवलीस आणि मी सांगितलेल्या भावात ताम्हण घेऊन गेलास. घासाघीस न करता गेलास, याचा मला दिवसभर राग येत राहिला.

त्यानंतर आपण किती फिरलो! हॉटेलांच्या हॉलमध्ये भरणारे नाण्यांचे बाजार, लिलाव, कोणा मेलेल्या कर्नलच्या घरचा पसारा. तू नाणं ओळखायचास, मी माणूस ओळखायचो. तू भिंग डोळ्याला लावून पुटपुटायचास आणि मी समोरच्याच्या बुटांकडे बघून ठरवायचो की याला पैशाची किती घाई आहे. तुला भाव करता येत नव्हता. तू भाव करताना खरं बोलायचास. म्हणून मी तुला रुमाल शिकवला.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो. माझा बाप माणदेशातल्या बैलबाजारात दलाल होता. तिथं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातात हात घेतात, वर एक रुमाल टाकतात आणि आतल्या आत बोटं धरून, पेरं दाबून आकडा सांगतात. भोवती माणसं उभी असतात, पण आकडा फक्त दोन हातांना कळतो. रुमालाखाली जे ठरलं ते ठरलं. त्याला कागद नाही, साक्षीदार नाही. रुमाल मोडणाऱ्याला पुढच्या बाजारात कोणी पाणीसुद्धा विचारत नाही.

आपण त्यातून आपली पद्धत काढली. दोघांनाही एकच नाणं हवं असेल तर रुमालाखाली दोघांनी आपापला आकडा सांगायचा. ज्याचा मोठा त्यानं बोली लावायची, दुसऱ्यानं गप्प बसायचं. इंग्लंडातले सगळे व्यापारी बघत राहायचे. एकानं विचारलं होतं, हा काय धार्मिक विधी आहे का? तू गंभीर चेहऱ्यानं 'हो' म्हणाला होतास.

आता एडिनबरा. किंग्ज क्रॉस स्टेशनावरून गाडी सुटली आणि तू बॅगेतून कॅटलॉग काढलंस. पाच-सहा नाण्यांचा एक किरकोळ लॉट होता, 'पूर्वेकडील चांदी' एवढंच लिहिलेलं, आणि फोटोत एका नाण्याची मागची बाजू वर. डावीकडे बघणारा एक दाढीवाला, झिजलेला. तू त्यावर बोट ठेवलंस. तुझं बोट तिथून हलेना, हे मी पाहिलं, मुकुंदा. तुला ते लपवता कधी आलं नाही.

"हा कोण आहे माहिती आहे?"

"म्हातारा आहे कोणीतरी."

"हा पापक आहे बे. अन् ह्याच्या मागे कोण असणार ते मला माहिती आहे."

मग डोंगर दिसेपर्यंत, समुद्र दिसेपर्यंत तू सांगत राहिलास. इराणच्या दक्षिणेला फार्स नावाचा मुलूख, तिथला हा छोटा राजा पापक. राजा म्हणजे काय, तालुक्याएवढ्या जागेचा. त्यानं आपल्या वरच्या धन्याला मारून गादी घेतली. थोरला मुलगा वारस होता, त्याच्या अंगावर इमारत कोसळली असं म्हणतात, आणि गादी आली धाकट्याकडे. तो अर्दशीर. त्यानं शेजारचे राजे एकेक करून घेतले. वर पार्थियन सम्राट बसलेला, शेकडो वर्षांचं घराणं, रोमला पाणी पाजलेलं. त्या सम्राटानं निरोप पाठवला अशी जुनी कथा आहे: डोक्यावर मुकुट घालायची परवानगी तुला कोणी दिली?

मी इतका हसलो की समोरची बाई दचकली. मी दुकानाचा बोर्ड लावला तेव्हा मला कौन्सिलचं अगदी हेच पत्र आलं होतं.

"मग काय केलं त्यानं?"

"काय करणार? नाणं पाडलं."

नाण्यावर राजाचा चेहरा बहुतेक बाजूनंच असतो, तू सांगितलंस. एक डोळा, एक कान. त्या सम्राटांचे असेच, फार्सच्या सगळ्या राजांचे असेच. अर्दशीरनं आपला चेहरा समोरून छापला. दोन्ही डोळे बघणाऱ्यावर. त्याच्याजवळ अजून साम्राज्य नव्हतं, जिंकू की मरू ते माहीत नव्हतं, आणि त्यानं चांदीच्या एवढ्याशा तुकड्यावरून सगळ्या जगाच्या डोळ्याला डोळा दिला. 'देवतुल्य अर्दशीर, राजा.' आणि पाठीमागे बाप: 'देवतुल्य पापक राजाचा पुत्र.' पुढे लढाई झाली, सम्राट पडला, अर्दशीर राजांचा राजा झाला, आणि त्याचं घराणं चारशे वर्षांवर टिकलं. मग नवी नाणी आली, मोठ्या मुकुटाची, आणि मागे बापाच्या जागी अग्नीची वेदी.

मी म्हणालो, "बघ, म्हणजे माझंच खरं. बैल विकताना आधी त्याचा बाप सांगतात. ह्याला बाजारात कोणी ओळखत नव्हतं, तेव्हा मागे बापाचं तोंड छापलं. नाव झाल्यावर बाप काढून टाकला."

"काढून नाही टाकला बे."

"मग कुठं गेला?"

"तू सगळ्यात धंदाच पाहून राहिला."

"धंदाच आहे. माणूस स्वतः वर येतो, मुकुंदा. मला बापानं काय दिलं? जमीन नाही, शाळा नाही, एक फोटो नाही."

तू चहाचा कप खाली ठेवलास. "अन् तुझ्या खिशातला रुमाल कोणाचा आहे बे?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मेंढ्या होत्या. मी म्हणालो, "रुमाल प्रायमार्कच्या दुकानातून विकत घेतलाय."

ते भांडण तिथंच राहिलं. आजही तिथंच आहे.

लिलावाच्या आधी नाणी हातात घेऊन बघू देतात. तू उलटं केलंस आणि खरंच, समोर बघणारा अर्दशीर होता. तू श्वास घेतोस की नाही असं मला वाटलं. मग माझ्या हातात आलं. मी धंदेवाईक माणूस, मी आधी कड बघितली, भेग आहे का बघितलं, तळहातावर तोललं. म्हणालो, "पुढची बाजू चांगली आहे. मागचा चेहरा झिजलाय. भाव पाडायला बरं." तू नाणं परत ट्रेमध्ये ठेवलंस. मी रुमाल काढला, हात आत गेले. माझा आकडा मोठा होता. तुझा लहान. म्हणजे नाणं माझं. तू हो म्हणून माझी बोटं दाबलीस.

आणि लॉट आल्यावर, मी बोली लावलेली असताना, माझ्या आकड्याला अजून कितीतरी वाव असताना, तू माझ्या शेजारी बसून नंबराची पाटी वर केलीस.

मला आधी वाटलं, खाज सुटली असेल. मी सावरायच्या आत हातोडा पडला. मी उभा राहून ओरडलो, "हलकटा! रुमाल मोडलास!" आणि तो लिलाववाला चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "सर, ही बोली समजायची का?"

परतीच्या गाडीत मी डबा बदलला. थोड्या वेळानं ट्रॉलीवाली बाई माझ्यासमोर चहा ठेवून म्हणाली, मागच्या डब्यातल्या गृहस्थांनी पाठवलाय. मी प्यायलो. पैसे भरले होते, फुकट कशाला घालवायचा? मग तू स्वतः आलास आणि दाराशी उभा राहिलास.

"तुझ्याकडे आलं असतं तर महिनाभर टिकलं नसतं बे."

"मग? माझं दुकान आहे, संग्रहालय नाही."

"म्हणूनच," तू म्हणालास आणि निघून गेलास.

बास. खुलासा म्हणून मला मिळालं ते एवढंच. मग किती महिने बोललो नाही. गणपतीत तू माझ्या हातावर प्रसाद ठेवून विचारलंस, "काय करून राहिला?" आणि गाडी पुन्हा सुरू झाली. पण ते नाणं आपल्यात कधी आलं नाही. तुझ्या घरी मी किती वेळा जेवलो, किती कप्पे उघडून तू मला किती काय दाखवलंस. तो एक कप्पा तू उघडला नाहीस आणि मीही 'उघड' म्हणालो नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटचा भेटायला आलो तेव्हाही नाही. इंग्लंडात राहून राहून आपण दोन मराठी माणसं त्या दिवशी हवामानावर बोललो.

तू गेल्यावर वहिनींचा फोन आला. घर विकून एडिनबराला लेकीजवळ जायचं म्हणत होत्या. "भाऊजी, संग्रह तुम्हीच विकायचा असं त्यांनी सांगून ठेवलंय. माझ्या नावावर केलंय सगळं. या."

मी मेडनहेडला गेलो. तुझ्या जेवणाच्या टेबलावर कप्पे मांडून ठेवले होते. मी एकेक बघत गेलो, यादी करत गेलो, आणि तो कप्पा आला. सगळ्या नाण्यांचे राजे वर, चेहरे वर. हे एकच पालथं. पापक वर.

"हे उलटं झालंय," मी म्हणालो.

"नाही हो. ते तसंच ठेवायचे. मला वाटायचं तीच पुढची बाजू."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी पुसायचा टॉवेल घेऊन आल्या. टेबलावर माझ्या हातावर टाकला. आणि स्वतःचा हात खाली घातला.

"वहिनी, हे काय?"

"भाव करायचा ना?"

"तुम्हाला येतं?"

"वॉर्डात करायचं काय दिवसभर? पांघरुणाखाली शिकवत बसायचे. नर्सला वाटायचं, म्हातारा-म्हातारी हात धरून बसलेत. ती पडदा ओढून द्यायची."

तेवढ्यात वहिनींनी माझी बोटं धरली, मुकुंदा. आकडा सांगितला. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. तो माझा आकडा होता. एडिनबराच्या त्या खोलीत रुमालाखाली मी तुला दिलेला, पेरासकट तोच. तुझ्यामाझ्या हातांपलीकडे तो आकडा जगात कोणाला माहीत नव्हता.

"वहिनी, हा जुना भाव झाला. आता पुष्कळ वर गेलंय." मी माझा आकडा दाबला. त्यांनी पुन्हा तोच जुना दिला. मी वाढवला. त्या हलल्या नाहीत. मी अजून वाढवला. विकणारी बाई कमी मागते आणि घेणारा चढवतो, असला सौदा माझ्या बापानं बघितला असता तर बाजार सोडून घरी गेला असता. शेवटी मी टॉवेल फेकला आणि ओरडलो, "अहो, अशी विक्री करतात का? लुटतील तुम्हाला लोक!"

वहिनी पहिल्यांदाच हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा असाव्यात. "ते म्हणाले होते, भाऊजी ओरडले की समज, भाव बरोबर लागला."

म्हणजे नाणं तू माझ्याचसाठी ठेवलं होतंस. माझ्या भावात. मोठ्या माणसानं लहान मुलाचं खेळणं कपाटावर ठेवावं आणि मूल शहाणं झालं की काढून द्यावं, तसं. माझी साठी उलटलीय, गाढवा. आणि आमच्या बाजारात मोडलेला रुमाल असा जोडता येत नाही. हे मी तुला माफ केलेलं नाही. त्याच जुन्या भावात नाणं घेऊन वहिनींच्या घरातून निघताना मला इतका राग आला होता की स्टेशनपर्यंत मी तुझ्याशी मोठ्यानं बोलत गेलो, आणि एका बाईनं कुत्रं जवळ ओढून घेतलं.

दुकान उघडायच्या आधी, सकाळच्या उजेडात, मी ते भिंगाखाली धरलं. पहिल्यांदाच, तोलण्यासाठी नाही. नुसतं बघण्यासाठी. एका पेनीहून थोडंसं मोठं. अठराशे वर्षांपूर्वी कोणा कारागिरानं एक घाव घातला, आणि तो घाव अजून तसाच आहे. अर्दशीर माझ्याकडे बघत होता. खरंच बघतो तो. डोळे मोठे, उघडे, पापणी न हलवता. मी ओळखला तो चेहरा. नव्या गावात पहिल्या दिवशी दुकानाचं शटर वर करणाऱ्या माणसाचा तो चेहरा आहे. आत काही नसतं, माल उधारीचा असतो, आणि तो सगळ्या रस्त्याच्या डोळ्यात डोळा घालून उभा राहतो. त्याला कुठं ठाऊक होतं की पुढे चारशे वर्षं आहेत? साम्राज्य इतकं लहान असतं सुरुवातीला. बोटांच्या चिमटीत मावतं. त्या विचारानं मी काउंटरवर हात टेकून उभाच राहिलो, बाहेर गिऱ्हाईक दार वाजवतंय तरी.

मग उलटं केलं. पापक. झिजलेला, नाक गेलेलं, दाढी आणि टोपी तेवढी राहिलेली. डावीकडे बघतोय. मी बघत राहिलो, आणि भिंग खाली ठेवावं लागलं.

माझा बाप रुमालाखाली हात गेला की कधी समोरच्याकडे बघायचा नाही. मान बाजूला. बाजाराच्या कडेला लिंबाचं झाड होतं, त्याच्याकडे. चेहरा दगडासारखा. तोंडावर काही नाही, सगळं बोटांत. मी शेजारी उभा असायचो आणि मला बापाचा चेहरा दिसायचा तो असाच, एका बाजूनं. एक डोळा, एक कान. मला आठवतो तेवढा बाप तेवढाच आहे. समोरून कसा दिसायचा, शपथेवर सांगता येणार नाही.

तुला हे सगळं दिसलं होतं का रे? बापाबद्दल मी तुला किती वेळा सांगितलं असेल, झाड, मान, बोटं, गाडीत, हॉटेलात, चिडून, हसून. तू ऐकत बसायचास. आणि मी तुझ्यासमोर त्या चेहऱ्याला म्हणालो, झिजलाय, भाव पाडायला बरं.

परवा गिऱ्हाईक आलं. जिनिव्हाला राहणारे गृहस्थ, सभ्य, बूट उत्तम. कित्येक वर्षं हे नाणं शोधत होते. मी चहा मागवला, मखमल पसरली. मुलगी तन्वी काउंटरवर होती. सकाळीच मला म्हणाली होती, "बाबा, तुम्ही विकणार ना फायनली? द रूफ नीड्स डूइंग." तिचं मराठी असंच आहे, अर्ध्या रस्त्यात उतरतं. दुकानाचं छप्पर गळतंय हे खरं आहे. मी तिला हो म्हणालो होतो. आणि मुकुंदा, मी विकणार होतो. तू काहीही समज, मी विकायलाच बसलो होतो. तुला खोटं पाडण्यासाठी मी छप्पर गळकं ठेवणारा माणूस नाही.

त्यांनी पुढची बाजू बघितली. त्यांचाही श्वास अडकला, मी बघितलं. मला बरं वाटलं. आकड्यावर फारशी ओढाताण होणार नव्हती. मग त्यांनी उलटं केलं, ओठ दाबले आणि म्हणाले, "मागची बाजू जरा थकलेली आहे, नाही का? त्या हिशेबानं थोडं खाली यायला हवं."

धंद्यातलं साधं वाक्य. मी स्वतः हजारदा बोललोय. त्यांची काही चूक नव्हती. पण माझ्या डोक्यात काय झालं कोणास ठाऊक. मी नाणं उचललं आणि म्हणालो, "थकणारच. सगळं त्यानंच तर केलंय."

"माफ करा?"

"हे विकायचं नाही."

"पण तुम्ही तर फोनवर..."

"विकायचं नाही म्हणालो ना!"

तन्वी धावत आली. त्या गृहस्थांची क्षमा मागून तिनं त्यांना दारापर्यंत सोडलं, आणि परत येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, व्हॉट वॉज दॅट? तो किती नाइस होती!"

"नाइस होता," मी म्हणालो. "पण त्याला मागची बाजू नको होती."

तू बरोबर होतास असं मी म्हणत नाही. म्हणणारही नाही. मला सांगायला हवं होतंस. त्या खोलीत, त्याच क्षणी, तोंडानं सांगायला हवं होतंस की दत्तू, तू काय बोलतोयस ते ऐक. तू पाटी वर केलीस. खरं बोलणारा माणूस तू, आयुष्यात एकदाच रुमाल मोडलास आणि तोही माझ्याशी. त्याचा राग माझ्याबरोबर राहील. राहू दे. तुझं काहीतरी माझ्याजवळ राहायला हवं ना.

आता ते तिजोरीत आहे, पापक वर. विम्याचं बघतोय. तन्वीनं त्या बाजूचा फोटो काढला, मोठा करून आणला, आणि मी फ्रेम करून घेतला. घासाघीस करूनच घेतला. लक्ष्मी आणि गणपती यांच्या मधल्या मोकळ्या जागेत लावला आणि चंदनाचा हार घातला. तू बघायला हवा होतास. पाहून राहिला असशील तर बघ.

काल दुपारी समोरच्या साडीच्या दुकानातल्या गुजराती बाई निरांजन घ्यायला आल्या. या रस्त्यावर माझ्याआधीपासून आहेत, त्यांना प्रत्येक दुकानातला प्रत्येक फोटो पाठ आहे. त्या थबकल्या. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या. ती दाढी, ती टोपी, ते बाजूला बघणं.

"तमारा पप्पा?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"राजा जेवा... राजासारखा लागे छे."

"बैलबाजारात होते," मी म्हणालो.